कप विसळणारा हात आणि कलम १५

मोठ्या मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि घरात ठरले, या रविवारी सगळ्यांनी बाहेर जेवायचे. दादरमधले एक मध्यम दराचे हॉटेल निवडले. पाच माणसांचे जेवण दीड-दोन हजारांत व्हावे, बसायला एसी असावा, पंजाबीपासून चायनीजपर्यंत सारे मिळावे, व्हेजही असावे आणि नॉनव्हेजही, असे ते हॉटेल. मुंबईत अशी हॉटेले गल्लोगल्ली आहेत. आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबे तेथे आता सहज जातात. वाढदिवस असो, पगारवाढ असो, पोरांचा निकाल असो, त्यात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटत नाही हेच खरे तर मोठे नवल आहे. पण ते आपल्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते अण्णांमुळे आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेले. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील गाव सोडून मुंबईला आले, महापालिकेच्या सफाई खात्यात लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. मेनूकार्ड हातात दिले की ते उजव्या बाजूने वाचायला लागतात, कारण उजव्या बाजूला किंमत असते. नातवंडे हसली. शेवटी मटण थाळी मागवली. अण्णा पोटभर जेवले. जेवणानंतर त्यांनी चहा घेतला. चहा संपला आणि अण्णा कप हातात घेऊन उठले. आम्हाला वाटले, हात धुवायला निघाले असतील. ते हात धुवायच्या बेसिनपाशी गेले आणि कप विसळू लागले.

टेबल पुसणारा पोरगा धावत गेला. "बाबा, राहू द्या, ते आमचं काम आहे." अण्णा दचकले. कप त्याच्या हातात देऊन परत आले आणि खाली मान घालून बसले. धाकट्याने विचारले, "आजोबा, कप का धुतला?" अण्णा म्हणाले, "हाताला सवय हाय रे बाळा."

ती सवय कुठली, हे रात्री घरी आल्यावर त्यांनी सांगितले. गावच्या एसटी स्टँडवर चहाचे हॉटेल होते. आपल्या वस्तीतल्या माणसांसाठी वेगळे कप बाहेरच्या कोनाड्यात पालथे घातलेले असत. आपला कप आपण उचलायचा, चहा वरून ओतला जायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत पालथा घालायचा. पैसे फळीवर ठेवायचे. हे साल कोणते? अण्णा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, म्हणजे १९६५ च्या आसपासचे. घटना लागू होऊन पंधरा वर्षे झाली होती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन दहा वर्षे झाली होती. अण्णांनी साठ वर्षांत ही गोष्ट मला सांगितली नव्हती, आणि वकील झालेल्या मुलाने कधी विचारलीही नव्हती.

वाचकांना आठवत असेल, भारतीय संविधानाचे कलम १५. बहुतेक मूलभूत हक्क हे शासनाविरुद्धचे हक्क आहेत. शासनाने हे करू नये, ते करू नये, असे ते सांगतात. परंतु कलम १५ चा दुसरा खंड शासनापाशी थांबत नाही. तो सरळ खासगी मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो बजावतो. त्याच खंडाच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. महाडचे चवदार तळे त्या दुसऱ्या भागात आहे आणि अण्णांच्या गावचा चहाचा कप पहिल्या भागात आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलचा उल्लेख का करावा लागला, याचे उत्तर परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. ते गावच्या एसटी स्टँडवर सापडते.

हे कलम मसुद्यात नववे होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दात काय काय येते, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, हा शब्द केवळ आत शिरू देण्यापुरता नाही. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याचे ठिकाण म्हणजे दुकान. त्यात वकिलाचे कार्यालयही आले आणि डॉक्टरचा दवाखानाही आला. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही या खंडाच्या कक्षेत आणले. विशेष म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही, जे आज सतरावे आहे, त्याच दिवशी, २९ नोव्हेंबरलाच, सभेने मंजूर केले. नऊ वर्षांचे असताना मसूर स्टेशनवर उतरलेल्या ज्या मुलाला डब्यात जेवण असूनही पाणी मिळाले नाही म्हणून उपाशी झोपावे लागले, त्याच मुलाने पुढे हे कलम सभागृहात मांडले. त्यांना हॉटेलचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याही आधी ते शाहू महाराजांना समजले होते. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराज मारणाऱ्यांना शिक्षा करून थांबले नाहीत. गंगारामना त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले. परंतु हॉटेल निघाले तरी गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलसमोर थांबवून गंगारामच्या हातचा चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. छत्रपती जो चहा पितात तो नाकारायचा कसा, असा पेच सवर्णांपुढे पडला. जात ताटात आणि कपात बसलेली असते, ती भाषणाने उठत नाही, समोर बसून चहा प्यावा लागतो, हे त्या राजाने ओळखले होते.

आता आजच्या मुंबईकडे वळू. त्या हॉटेलात वेगळा कप नव्हता. अण्णांना कोणी बाहेर बसवले नाही. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे, हे कोणी विचारले नाही. मोठ्या शहरातील मध्यम दराच्या हॉटेलाने ही एक गोष्ट निश्चितच केली आहे. तेथे पैसे मोजणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक असतो. हे श्रेय शहराला आणि कायद्याला दिलेच पाहिजे. खेडे सोडून शहराकडे चला, हा बाबासाहेबांचा सल्ला किती दूरदृष्टीचा होता, हे अशा टेबलावर बसल्यावर पटते. मग प्रश्न संपला काय? मला वाटत नाही. दारातली जात आत सरकली आहे. ती तीन ठिकाणी जाऊन बसली आहे. नावात, पाटीवर आणि मोरीपाशी.

आधी नाव. रविवार असल्याने हॉटेलबाहेर गर्दी होती. दारातला माणूस वहीत नावे लिहून घेत होता. "नाव काय लिहू?" मी माझे पहिले नाव सांगितले. आमच्या मागच्या गृहस्थांनी आडनाव सांगितले, तेही खणखणीत आवाजात. मुलीने विचारले, "पप्पा, आपलं आडनाव का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "छोटं नाव लिहायला सोपं पडतं." हे खोटे होते. वीस वर्षे ॲट्रॉसिटीच्या केसेस लढणारा, सभांमधून स्वाभिमानावर बोलणारा माणूस हॉटेलच्या वहीत आपले आडनाव लिहू देत नाही. तेथे मला कोणी काही म्हणणार नव्हते. तरीही जीभ अडली. बापाच्या हाताला सवय होती, मुलाच्या जिभेला आहे. मग फरक तो काय?

नाव ही साधी गोष्ट नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळी व धाब्यांच्या मालकांनी दर्शनी भागात आपली नावे लावावीत, असा फतवा पोलिसांनी काढला. नाव वाचून गिऱ्हाइकाने ठरवावे की येथे जेवायचे की नाही! सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्यास अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते पाटीवर लिहा, अन्न कोण देतो त्याचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्या वेळी निशाणा मुसलमान मालकांवर होता. पण आडनाव वाचून पाणी प्यायचे की नाही ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे?

दुसरी पाटी. 'शुद्ध शाकाहारी', 'प्युअर व्हेज'. शाकाहारी हॉटेल चालवणे हा कोणाचाही हक्क आहे. आपल्यातही अनेक उपासक शाकाहारी आहेत. माटुंग्यातल्या उडुपी खाणावळींनी कमी पैशांत हजारो नोकरदारांची पोटे भरली, हेही नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप 'शाकाहारी' या शब्दाला नाही. आक्षेप 'शुद्ध' या शब्दाला आहे. एक अन्न शुद्ध म्हटले की दुसरे आपोआप अशुद्ध ठरते आणि ते खाणारा माणूसही. जनगणना विभागाच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील दहापैकी सात माणसे मांसाहारी आढळली. म्हणजे दहापैकी सात जण अशुद्ध काय?

आणि हा शब्द पाटीवरच थांबत नाही, तो टेबलावर उतरतो. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली वसतिगृहाच्या भोजनालयातील काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड सुनावण्यात आला. मार्च २०२४ मध्ये घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या झोमॅटो कंपनीने शाकाहारी हॉटेलांचे जेवण नेण्यासाठी हिरव्या गणवेशातील वेगळी माणसे नेमण्याची घोषणा केली. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. पदार्थाचा स्पर्श, पिशवीचा स्पर्श, पिशवी नेणाऱ्याचा स्पर्श. ही साखळी आपल्या ओळखीची आहे. १९५७ साली मद्रासमध्ये पेरियारांनी हॉटेलच्या पाटीवरील 'ब्राह्मण' हा शब्द पुसण्यासाठी आंदोलन केले होते. आज तो शब्द पाटीवर फारसा कोणी लिहीत नाही. त्याची जागा 'शुद्ध' या शब्दाने घेतली आहे, एवढेच.

मेनूकार्डाचीही एक गंमत पाहा. त्यात पंजाब असतो, लखनौ असते, हैदराबाद असते, चीन असतो. मालवणी, कोल्हापुरी असते. आपल्या आयांनी चुलीवर शिजवलेली वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कोठे असतात? वजडी मिळते, पण रस्त्याकडेच्या गाडीवर, अंधार पडल्यावर. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा आपल्याच अनेकांना वाटले की, हे कशाला छापायचे? यातील काही पदार्थ मेलेल्या जनावराच्या लाचारीतून आले, ते सोडायलाच हवे होते आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण ते सोडले. परंतु गरिबीत काटकसरीने शिजवलेल्या साऱ्याच चवीची लाज का वाटावी?

तिसरे ठिकाण मोरीपाशीचे. याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. अण्णांनी त्या टेबल पुसणाऱ्या पोराला निघताना विचारले, "कुठल्या गावचा?" "जालन्याकडचा." "जेवलास का?" "आमचं साडेचारला असतं, पाठीमागं." तेव्हा साडेतीन वाजले होते. सकाळपासून तो दुसऱ्यांची ताटे उचलत होता. पाठीमागे म्हणजे मोरीजवळ, जेथे भांडी घासणारी माणसे ओल्यात उभी असतात. त्याची जात कोणती, हे अण्णांनी विचारले नाही, मीही विचारले नाही. पण गल्ल्यावर कोण बसतो, वाढतो कोण, टेबल कोण पुसतो आणि संडास कोण धुतो, हा क्रम कोणत्याही हॉटेलात जाऊन पाहावा. कोणी ठरवून लावला नसेल, तरी तो मनूने लावून दिलेल्या क्रमाशी किती जुळतो, हे ज्याने त्याने तपासावे.

या क्रमाचे शेवटचे टोक जमिनीखाली असते. जून २०१९ मध्ये गुजरातेत डभोईजवळ एका हॉटेलची सेप्टिक टाकी साफ करताना सात जण गुदमरून मेले. त्यांत सफाई कामगार होते आणि त्यांना वाचवायला उतरलेले हॉटेलचे कामगारही होते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा, संरक्षणाशिवाय टाकीत उतरवणे गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ चा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ते हॉटेल महामार्गाकडचे होते, पण सांडपाणी मुंबईतल्या हॉटेलालाही असतेच. अण्णांनी पस्तीसहून अधिक वर्षे या शहराची घाण उपसली. त्यामुळे ते हॉटेलात शिरताना छताकडे पाहत नाहीत, गटाराच्या झाकणाकडे पाहतात.

आता थोडे आपल्याकडे. शिकून नोकरीला लागलेला आपला वर्ग टेबलावर बसला की कसा वागतो? "ए बारक्या, पाणी आण", "ए, इकडे पूस". ही हाक मी आपल्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे. मी स्वतःही मारली आहे. ज्या कोनाड्यातल्या कपाने आपल्या बापाची मान वाकवली, त्याचाच एक तुकडा आपण खिशात घेऊन हिंडतो आणि संधी मिळताच दुसऱ्यापुढे ठेवतो. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, केवळ सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, तिच्या मुळाशी असलेल्या धर्मश्रद्धेवर घाव घातला पाहिजे. हॉटेल म्हणजे रोजचे सहभोजनच. अनोळखी माणसे एका छताखाली, एकाच कढईतले जेवतात आणि बिल देऊन आपापल्या जातीत परत जातात. टेबल समतेचे ठिकाण होऊ शकते, पण ते आपोआप होत नाही.

म्हणून काही गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कायद्याची. नागरी हक्क संरक्षण कायदा, म्हणजे १९५५ चाच कायदा, १९७६ पासून या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणाने हॉटेलात प्रवेश किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड फक्त शंभर ते पाचशे रुपये. आमच्या त्या दिवसाच्या बिलापेक्षा कमी! परंतु याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेमुळेच घडले, असे न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कलम ६ खाली सेवा नाकारल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास न्यायालय हॉटेलचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश देऊ शकते. शिवाय ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी प्रवेश किंवा भांड्यांचा वापर अडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्याला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला आहे, हे पोलीस ठाण्यात अजूनही सांगावे लागते, ते ठासून सांगावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर एफआयआर नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. वेळ, टेबल, साक्षीदार आणि बिल, एवढे जपून ठेवले तरी केस उभी राहते.

दुसरी, गावची. शहरात वेगळा कप दिसत नाही म्हणून गावातला संपला, असे समजू नये. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात आत बसून चहा प्यावा आणि कोनाड्याकडे एकदा नजर टाकावी. कप दिसला तर फोटो काढावा, तक्रार करावी, वकिलाची गरज लागल्यास आमच्यासारखे लोक आहेत.

तिसरी, टेबलाची. वाढणाऱ्याला 'दादा', 'भाऊ' म्हणावे. चौदा वर्षांखालचे पोर टेबल पुसताना दिसले तर तक्रार करावी. हॉटेलात लहान मुले कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आणि जेवलास का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. हे मला सत्तरीच्या सफाई कामगाराकडून शिकावे लागले.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच हॉटेलात गेलो. दारातल्या माणसाने वही उघडली. या वेळी मी आडनाव सांगितले, गावासकट. त्याने मान वर न करता लिहून घेतले. काहीही झाले नाही. चहा आला. पिऊन झाल्यावर अण्णांचा हात कपाकडे गेला, क्षणभर तेथेच राहिला आणि परत आला. कप टेबलावरच राहिला. तो जालन्याकडचा पोरगा आला, कप उचलला आणि अण्णांना म्हणाला, "बाबा, आज मी जेवलोय."

जयभीम!